मास्तरांची नाडी

टेलरमास्तरांनी दवाखान्याचा गाऊन उलटा केला, सुलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला आणि शेवटी चष्मा कपाळावर चढवून त्याची शिवण नाकाजवळ नेऊन पाहिली. छत्तीस वर्षं दुकानात बसून लोकांच्या अंगावर कपडे चढवणारा माणूस. पण असला ऐवज त्यांच्या हाताखालून कधी गेला नव्हता.

"सिस्टर," ते म्हणाले, "याची पाठ कुठंय?"

"पाठ तुमची, मास्तर. गाऊनला नसते," मोठ्या सिस्टर औषधांच्या ट्रेवरची नजर न काढता म्हणाल्या. "तो मागून उघडाच असतो."

"उघडा असतो ते दिसतंय. मिटतो कसा?"

"तीन नाड्या असतात."

"एकच आहे. तीही मानेपाशी. म्हणजे मान झाकणार आणि बाकीचं..." बाकीचं काय ते त्यांनी हाताने हवेत दाखवलं. शेजारी स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोने पदर तोंडाशी नेला. हसू लपवायला की लाज लपवायला, ते छत्तीस वर्षांच्या संसारानंतरही मास्तरांना सांगता आलं नसतं.

मास्तरांच्या पित्ताशयात खडे झाले होते. पित्ताशय काढून टाकायचं ठरलं होतं आणि त्यासाठी तीन महिने थांबून आज कुठे खाट मिळाली होती. हे तीन महिने बायकोने त्यांना बिनतेलाचं, बिनतिखटाचं, सगळं उकडून खायला घातलं होतं. उकडलेल्याचा आता त्यांनी इतका धसका घेतला होता, की दुकानात इस्त्रीची वाफ निघाली तरी त्यांना भूक मेल्यासारखी वाटे. उद्या अकरा वाजता ऑपरेशन. तेवढं उरकलं की माणसात येऊ, एवढ्या एका आशेवर ते तग धरून होते.

पण माणसात यायच्या आधी हा गाऊन अंगात घालायचा होता.

"दुसरा द्या," मास्तर म्हणाले.

"सगळे असेच आहेत. धुलाईत नाड्या तुटतात."

"तुटत नाहीत. टाके नीट नाहीत. एकच फेरा मारून सोडलाय, हे बघा. परतीचा टाकाच नाही."

"मास्तर, मला चौदा जणांची इंजेक्शनं द्यायची आहेत."

मोठ्या सिस्टर उंच होत्या आणि आवाजाने त्याहून उंच. त्या निघून गेल्या. मास्तर गाऊन मांडीवर घेऊन बसून राहिले आणि समोरच्या भिंतीकडे त्यांचं लक्ष गेलं.

भिंतीवर मोठा फलक होता. निळ्या अक्षरात मथळा: 'रुग्णांचे हक्क आणि ज'. पुढचं काही दिसत नव्हतं, कारण फलकाच्या उजव्या अर्ध्या भागापुढे चादरींचं लोखंडी कपाट उभं होतं. डाव्या अर्ध्यावर मात्र सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं.

"ते 'आणि ज' काय आहे हो?" मास्तरांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला विचारलं. तो घरं रंगवणारा रंगारी होता, दाराएवढ्या अंगाचा. हर्नियासाठी आला होता आणि त्याचंही ऑपरेशन उद्याच होतं, साडेआठला.

"जेवण असेल," रंगारी आशेने म्हणाला.

मास्तरांनी फलक वरपासून वाचायला घेतला. आजाराची आणि उपचारांची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क. समजून उमजून संमती देण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क. आणि चौथा वाचताना मास्तर खाटेवर ताठ बसले. 'तपासणी व उपचारांच्या वेळी रुग्णाचा खासगीपणा आणि प्रतिष्ठा राखली जाण्याचा हक्क.'

"सिस्टर!"

मोठ्या सिस्टर आल्या. मास्तरांनी फलकाकडे बोट केलं. "चौथा."

सिस्टरांनी वळून पाहिलं. त्या वॉर्डात नऊ वर्षं काम करत होत्या; तो फलक त्यांनी नक्की कधी वाचला होता हे त्यांना आठवत नसावं, कारण वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"अहो, डॉक्टरांना चटकन तपासता यावं म्हणून गाऊन उघडा असतो."

"सर्जनसाहेब माझं पोट उघडणार आहेत. ते काय पाठीकडून जाणार आहेत?"

पलीकडच्या खाटांवरून हसू फुटलं. सिस्टरांनी ओठ आवळले. मग त्या तरातरा कपाटाकडे गेल्या, आणखी एक गाऊन काढला आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवला. "हा पहिल्यावर उलटा घाला. कोटासारखा. एक मागून उघडा, एक पुढून उघडा. झालं समाधान?"

मास्तरांनी पडद्याआड जाऊन दोन्ही घातले. बाहेर आले, स्वतःभोवती एक गिरकी घेतली. कुठूनही काही दिसत नव्हतं. "दोन बिघडलेल्यांचा मिळून एक धड झाला," असा शेरा त्यांनी मारला, आणि विषय तिथेच संपायला हरकत नव्हती.

पण वॉर्ड जागा झाला होता.

आधी रंगाऱ्याने दुसरा गाऊन मागितला. त्याच्या आकारमानाला दोनही अपुरे होते, म्हणून त्याने तीन घेतले. मग कोपऱ्यातल्या पोस्टमन आजोबांना आपल्या पाठीवरून वारं जात असल्याचं आठवलं. ते टपाल खात्यातून कधीच निवृत्त झाले होते, पण वॉर्डात सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत. दुपारपर्यंत चौदापैकी नऊ माणसं दुहेरी गाऊनमध्ये फिरत होती आणि चादरींच्या कपाटात गाऊनचा कप्पा रिकामा पडला होता.

संध्याकाळच्या राउंडला सर्जनसाहेब आले तेव्हा हक्काचं वारं चांगलंच पसरलं होतं. साहेबांचा राउंड एरवी वीस मिनिटांचा. एका खाटेपाशी "कसं आहे? छान," आणि पुढच्या खाटेकडे. आज पोस्टमन आजोबांनी त्यांची बाही धरली.

"साहेब, माझ्या पोटात काय करणार ते समजेल अशा भाषेत सांगा. पहिला हक्क आहे."

"आजोबा, सांगितलं होतं ना मागच्या आठवड्यात?"

"ते तुमच्या भाषेत होतं. मी मान हलवली, ती तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

सर्जनसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग ते खाटेच्या कडेवर टेकले, खिशातून पेन काढलं आणि औषधाच्या खोक्यावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. आजोबांनी चार प्रश्न विचारले. चौथा इतका नेमका होता की साहेबांनी सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांकडे वळून, "ऐका, हा प्रश्न तुमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता," असं म्हटलं. त्या दिवशीचा राउंड सव्वा तास चालला. शिकाऊ डॉक्टरांपैकी एकजण जाता जाता मास्तरांकडे असा पाहून गेला, की मास्तरांनी दोन्ही गाऊन जरा घट्ट लपेटून घेतले.

पण मनातून ते सुखावले होते. आयुष्यभर माणसं त्यांच्याकडे 'कधी देता?' एवढंच विचारायला येत. आज माणसं सल्ला विचारायला येत होती. मास्तर, या गोळीचं नाव विचारायचा हक्क आहे का? आहे. मास्तर, रात्री दिवा मालवून मागायचा? विचारून बघा. मास्तर, दूध नाकारायचा? दुसरा हक्क, नाकारा बिनधास्त.

"अहो, किती बोलता," बायको म्हणाली. "उद्या ऑपरेशन आहे तुमचं. जरा पडा."

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. बारीक अंगाच्या, मोठ्या चष्म्याच्या, हातात कागद. त्यांनी स्टूल ओढलं आणि एकेक प्रश्न विचारायला लागल्या. दमा? नाही. दात हलतात? एक, पण तो वर्षानुवर्षं हलतोय. आधी कधी भूल घेतली होती? नाही.

"रोजच्या काही गोळ्या? अंगदुखीच्या, सांधेदुखीच्या, कसल्याही?"

मास्तरांचा हात आपोआप मानेकडे गेला. तो त्यांनी तिथून उचलून कान खाजवला.

गोष्ट अशी होती. छत्तीस वर्षं मशीनवर वाकून मास्तरांची मान कायमची धरलेली असे. त्यावर एक पांढरी गोळी ते रोज दोनदा घेत. दोन वर्षांपूर्वी पोटात आग पडायला लागली तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली होती आणि बायकोने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं. वचन त्यांनी दिलं. गोळ्या घरातून उचलून दुकानातल्या बटणांच्या डब्यात ठेवल्या. आजही सकाळी दवाखान्यात यायच्या आधी, 'दुकानाला कुलूप लावून येतो' म्हणून ते गेले होते आणि एक घेऊन आले होते. चार गोळ्या पुडी करून शर्टाच्या खिशात होत्या.

आता बाईंच्या कागदावर पेन टेकलेलं होतं आणि स्टुलाच्या बाजूला बायको उभी होती.

"छे," मास्तर म्हणाले. "काही नाही."

"डोकं दुखलं तरी गोळी घेत नाहीत," बायको कौतुकाने म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"छान," म्हणत बाईंनी फुली मारली आणि मास्तरांची सही घेतली.

रात्रभर मास्तरांना झोप लागली नाही ती मानेमुळे, असं त्यांनी सकाळी सिस्टरांना सांगितलं. ते निम्मं खरं होतं.

सकाळी सातला मोठ्या सिस्टर कामावर आल्या त्याच मुळी चेहऱ्यावर वीज घेऊन. धुलाईहून गाऊन आले नव्हते. ऑपरेशनला जाणाऱ्या दोघांना धुतलेला गाऊन हवा होता आणि आठ माणसं दोन-दोन, एकजण तीन, अंगावर चढवून बसली होती. शिवाय कोणीतरी रात्रीचं इंजेक्शन नाकारलं होतं आणि विचारल्यावर "दुसरा हक्क" एवढंच उत्तर दिलं होतं.

सिस्टर वॉर्डाच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. ती मास्तरांवर येऊन थांबली.

"मामा!" त्यांनी वॉर्डबॉय मामांना हाक मारली. "ते कपाट सरकवा."

"कपाट?" मामांच्या भुवया वर गेल्या. "ते कधी सरकलं नाही, सिस्टर."

"आज सरकेल."

दोन मामा आणि एक मावशी लागली. कपाट किंचाळत, फरशी खरवडत बाजूला झालं. मागून धुळीचा लोट, एक चमचा, एका पायाची चप्पल आणि कुणाच्या तरी कवळीचा डबा निघाला. फलकाची उजवी बाजू उघडी पडली. डाव्या बाजूची अक्षरं उन्हाने फिकी झाली होती; ही मात्र काल रंगवल्यासारखी ठसठशीत होती.

'जबाबदाऱ्या.'

"जेवण नाही," रंगारी खिन्नपणे म्हणाला.

"मास्तर," सिस्टर गोड आवाजात म्हणाल्या. त्यांचा गोड आवाज वॉर्डाने पहिल्यांदाच ऐकला आणि सगळे सावध झाले. "काल सगळ्यांना डावी बाजू वाचून दाखवलीत. आता उजवीही वाचा. मोठ्याने. आजोबांना लांबून दिसत नाही."

मास्तरांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि भारदस्त आवाजात सुरुवात केली. "एक. आपला आजार, पूर्वीचे उपचार आणि..." इथे आवाज जरा खाली आला. "...आणि सध्या चालू असलेली औषधं यांची खरी आणि संपूर्ण माहिती डॉक्टरांना देणे."

"मोठ्याने," आजोबा ओरडले.

"दोन," मास्तर घाईने पुढे सरकले, "ऑपरेशनपूर्वी खाण्यापिण्याबाबत दिलेल्या सूचना पाळणे."

रंगाऱ्याची खाट कुरकुरली. त्याने हात वर केला.

"सिस्टर, खाणं म्हणजे नक्की काय काय?"

सिस्टर हळूहळू त्याच्याकडे वळल्या. "काय खाल्लंत?"

"खाल्लं असं नाही. चहा घेतला. सहा वाजता, बाहेरच्या गाडीवर. चहा काही खाणं नाही."

"नुसता चहा?"

"दोन बिस्किटं. पण बुडवून." रंगाऱ्याने सगळ्यांकडे आधारासाठी पाहिलं. "बुडवलेलं बिस्कीट म्हणजे पातळच की."

"भूल दिल्यावर ते पातळ बिस्कीट तुमच्या फुप्फुसात गेलं असतं! जीव गेला असता!" सिस्टर आता त्यांच्या नेहमीच्या आवाजात आल्या आणि सगळ्यांना उलट हायसं वाटलं. "साडेआठची वेळ गेली तुमची. आणखी कोणी काही लपवलंय? आत्ताच सांगा!"

एकाने उशीखालून लोणच्याची बाटली काढून मुकाट्याने टेबलावर ठेवली. मास्तर फलकाकडे अशा एकाग्रतेने पाहत होते, जणू त्यावर आणखी शंभर ओळी होत्या.

"ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या. "रंगारी गेले, तर मास्तर, तुमचा नंबर आधी. अकराला नाही, साडेआठलाच. मामा, ट्रॉली आणा."

सगळं इतकं भराभर झालं की मास्तरांना विचार करायला उसंतच मिळाली नाही. कोणीतरी त्यांचे दोन गाऊन काढून शेजारच्या वॉर्डातून मागून आणलेला एक धुतलेला चढवला. त्याला नाड्या किती आहेत हे मोजायचंही त्यांना सुचलं नाही. बायकोने कपाळावरून हात फिरवला. ट्रॉली सुरू झाली. छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून मागे जाऊ लागले आणि प्रत्येक दिव्याबरोबर मास्तर मनाशी हिशेब मांडत होते. सांगितलं, तर आजची तारीख गेली. पुन्हा उकडलेलं. पुन्हा किती महिने, कोण जाणे. आणि बायको. नाही सांगितलं, तर? तर काहीच नाही. चार-दोन गोळ्यांनी काय होतंय? मग ते बुडवलेलं बिस्कीट आठवलं. काय फरक होता त्यांच्यात आणि त्या रंगाऱ्यात? उलट रंगारी निदान हात वर करून मोकळा झाला.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर डॉक्टरीणबाई टोपी घालून उभ्या होत्या. त्यांनी मास्तरांच्या मनगटावर बोटं ठेवली. "काय हो, नाडी फार जोरात धावतेय तुमची. घाबरलात?"

"बाई," मास्तर म्हणाले, "मी काल पोट आत ओढून माप दिलं."

"काय?"

"आमच्याकडे गिऱ्हाईक येतं. पँटचं माप देताना पोट आत ओढतं. टेप घट्ट बसते, आकडा छान येतो, मीही तोच आकडा लिहितो. मग कपडा तयार झाला की बटण लागत नाही आणि येऊन माझ्या नावाने शंख करतं. त्याला मी दरवेळी सांगतो, बाबा रे, मापाशी खोटं बोललास, तर मी काय करू? तसं मी काल तुमच्याशी केलं." आणि त्यांनी डोळे मिटून गोळीचं नाव सांगून टाकलं.

बाईंनी टोपी मागे सरकवली. "रोज?"

"दोनदा."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं. शेवटची काल सकाळी."

बाईंनी एक लांब श्वास घेतला. "मास्तर, या गोळीने रक्त लवकर गोठत नाही. साहेबांनी आत हात घातला असता आणि रक्त थांबलं नसतं, तर आम्ही कारण शोधत बसलो असतो. तुमच्या सहीचा कागद आमच्याकडे होता, 'काही नाही' म्हणून."

सर्जनसाहेब बाहेर आले. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडतील असं मास्तरांना वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "साडेआठला बिस्कीट, पावणेनऊला गोळी. चहा तरी घेऊन येतो," आणि गेले.

ट्रॉली उलटी फिरली. दारापाशी बायको मास्तरांच्या चपला हातात घेऊन उभी होती. ती दचकली. "इतक्यात झालं?"

"ऑपरेशन पुढे ढकललंय," बाई म्हणाल्या.

"का?"

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. "ते मला सांगता येणार नाही. रुग्णाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही द्यायची नसते. घरच्यांनाही. तो यांचा हक्क आहे."

मास्तरांच्या जिवात जीव आला. फलकावरच्या सगळ्या हक्कांत हा त्यांना आत्ता सर्वांत लाडका वाटला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवायचं ठरवलं आणि मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती फलकाबिलकाच्या पलीकडे गेली होती. चपला तिने छातीशी धरल्या होत्या आणि ओठ पांढरे पडले होते. काहीतरी भयंकर निघालं आहे, इतकं की डॉक्टरही सांगत नाहीत, हे तिने मनोमन धरून टाकलं होतं.

"अगं, तसं काही नाही," मास्तर म्हणाले. "मानेच्या गोळ्या आहेत."

"कुठल्या मानेच्या गोळ्या?"

"त्याच."

बायकोचा रंग परत आला. मग तो वाढत गेला. "त्या तर दोन वर्षांपूर्वी..."

"बटणांच्या डब्यात आहेत," मास्तर म्हणाले. "शर्टाच्या खिशात चार."

वॉर्डात परतल्यावर ती सरळ खाटेकडे गेली. शर्टाच्या खिशातून पुडी काढली आणि सिस्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यानंतर ती मास्तरांशी थेट बोलेना, सगळं सिस्टरांमार्फत.

"सिस्टर, यांना विचारा, आणखी कुठल्या डब्यात काय आहे."

"काही नाही," मास्तर म्हणाले.

"सिस्टर, यांना सांगा, हे 'काही नाही' मी काल ऐकलंय."

सिस्टरांना दोन्हीकडचे निरोप पोचवायचे होते आणि चेहराही सरळ ठेवायचा होता. त्यांनी पाठ फिरवून ट्रेमधल्या बाटल्या पुन्हा पुन्हा मोजल्या. मास्तरांना सगळ्यांत लागलं ते दुसरंच. बायको मध्येच थांबून, जणू स्वतःशीच म्हणाली, "मान इतकी दुखते तर सांगायचं. मी गोळीला नको म्हटलं होतं, दुखणं सांगायला थोडंच?" यावर फलकात उत्तर नव्हतं.

घरी जाण्यापूर्वी त्यांनी मोठ्या सिस्टरांकडे सुईदोरा मागितला. काहीतरी केल्याशिवाय त्यांना त्या वॉर्डातून उठवेना. नऊजणांनी उतरवलेले गाऊन समोर घेऊन ते दुपारभर बसले आणि तुटलेल्या नाड्यांच्या जागी पट्टीच्या कापडाच्या नाड्या लावल्या, परतीच्या टाक्यासकट. रंगारी सुईत दोरा ओवून देत होता. त्याची तारीख दोन दिवसांनंतरची लागली होती आणि त्याच्या खाटेवर सिस्टरांनी मोठ्या अक्षरात 'बिस्कीटसुद्धा नाही' अशी पाटी टांगली होती.

शेवटचा गाऊन झाल्यावर मास्तरांनी सिस्टरांना एक कल्पनाही सांगितली. मागचा एक पल्ला वीतभर रुंद केला आणि नाडी बाजूला घेतली, तर एकाच गाऊनमध्ये काम भागेल. सिस्टरांनी ती कागदावर काढून घेतली आणि वर पाठवली. ते रेखाटन अजून समितीपुढे आहे. समितीच्या दोन बैठका झाल्या. पहिलीत 'वीत' म्हणजे किती यावर चर्चा झाली, दुसरीत कोणाची वीत यावर.

मास्तरांना तीन महिने थांबावं लागलं नाही. दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं. ते दहा दिवस गोळीशिवाय गेले. बायको सकाळ-संध्याकाळ त्यांच्या मानेला गरम पाण्याची पिशवी धरत होती आणि तिसऱ्या दिवसापासून थेट बोलायलाही लागली होती. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कागद काढला तेव्हा मास्तरांनी गोळ्या, विडी (लग्नाआधी, सात), लहानपणी झाडावरून पडणं, घशाला चोळलेलं मलम, सगळं इतकं सविस्तर सांगितलं, की बाईंना दुसरा कागद जोडावा लागला. "मास्तर, संपूर्ण म्हणजे एवढं संपूर्ण नाही," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. एकोणीस खडे निघाले. सिस्टरांनी ते बाटलीत घालून दाखवले. मास्तरांनी ते शर्टाच्या बटणांच्या आकाराचे असल्याचं ओळखलं आणि तिथेच त्यांना झोप लागली.

आता एकच अडचण उरली. पोट पुन्हा कामाला लागल्याची खूण मिळेपर्यंत तोंडाने घोटभरही मिळणार नव्हतं, आणि ती खूण म्हणजे पोटातला वारा सुटणं. सर्जनसाहेब सकाळी आले, मागे सहा शिकाऊ डॉक्टर, आणि त्यांनी भर वॉर्डात विचारलं, "काय मास्तर, वारा सरला का?"

मास्तर लाजेने लाल झाले. त्यांनी साहेबांना जवळ बोलावून कानात 'नाही' सांगितलं. दुपारी शिकाऊ डॉक्टरने विचारलं, त्यालाही कानात. संध्याकाळी भेटायला आलेल्या रंगाऱ्याने दारातूनच ओरडून विचारलं. त्याचा हर्निया उरकला होता आणि चाल एकदम ऐटबाज झाली होती.

"फिरा," सिस्टर म्हणाल्या. "फिरल्याशिवाय सुटणार नाही."

मग मास्तर फिरायला लागले. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला रंगारी, हातात सलाइनची काठी. वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोस्टमन आजोबा खाटेवरून फेऱ्या मोजत होते. घसा कोरडा पडला होता, ओठांना बायको ओला कापूस लावत होती, आणि तीन महिने ज्याचा राग राग केला, त्या उकडलेल्या भाज्यांची स्वप्नं मास्तरांना उघड्या डोळ्यांनी पडू लागली होती.

बाराव्या फेरीला, खिडकीपाशी, मास्तर एकाएकी थांबले.

"काय झालं? चक्कर येतेय?" बायकोने दंड धरला.

मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. चेहऱ्यावर कोणीतरी फार दुरून हाक मारत असल्याचा भाव आला. वॉर्ड श्वास रोखून उभा राहिला. मग तो आवाज झाला. लहान नाही, मोठा. लांबलचक, आणि शेवटी जरा वर चढलेला.

"सिस्टर!" मास्तर वॉर्डाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले. "सुटला!"

सगळ्या खाटांवरून टाळ्या पडल्या. पोस्टमन आजोबा उठून बसले. मोठ्या सिस्टर हातातलं काम टाकून पाण्याचा पेला घेऊन धावत आल्या, आणि मास्तरांनी बायकोच्या खांद्याला धरून, उभ्याउभ्याच, पहिला घोट घेतला.

"हळू," बायको म्हणाली. "घोट घोट घ्या. कोणी हिसकावून घेत नाही."